दुकान चालू आहे, रंग ओला आहे

परळीत एखाद्या व्यापारी इमारतीला बाहेरून रंग द्यायचं निघालं की पहिला वाद रंगावरून होत नाही. तो होतो कोणाच्या दुकानापासून सुरुवात करायची यावरून. आणि याचं उत्तर प्रत्येक दुकानदाराकडं तयार असतं. शेजाऱ्याच्या!

आमची इमारत तीन मजली. खाली कापड दुकान, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, मोबाइलवाला, माझं झेरॉक्सचं दुकान आणि कोपऱ्यात चहावाला. पहिल्या मजल्यावर पतसंस्था, दाताचा दवाखाना आणि दहावी-बारावीच्या शिकवण्या. सगळ्यात वर लॉज. वैजनाथाच्या दर्शनाला आलेली मंडळी तिथं उतरतात. आमचे मालक सज्जन आहेत. भाडं दर महिन्याला नेतात आणि रंगाचा विषय दर वर्षी काढतात. यंदा मात्र त्यांनी नुसता विषय काढला नाही, शेड कार्डच बगलेत मारून आणलं. तेव्हा आम्हाला पटलं की प्रकरण गंभीर आहे.

बैठक जिन्यात भरली, कारण सगळ्या भाडेकरूंची सामाईक जागा तेवढीच. मालक म्हणाले, "चार दिवस दुकानं बंद ठेवा, एका दमात काम उरकून टाकू." यावर जिन्यात जी शांतता पसरली ती कापडवाल्या काकांनी मोडली. "बंद ठेवू की. चार दिवसांचं भाडं सोडा." त्यानंतर मालकांनी बंदचं नाव काढलं नाही.

यात कायद्याचाही थोडा हात आहे. १९४८ च्या दुकाने अधिनियमाच्या काळात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावंच लागायचं. त्या दिवशी बाजारात शुकशुकाट असायचा आणि रंगारी, सुतार, वायरमन यांचं राज्य असायचं. २०१७ साली महाराष्ट्रात नवा कायदा आला. नोकराला आठवड्याची सुट्टी द्या, पण दुकान वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडं ठेवायला हरकत नाही, असं त्यात ठरलं. दुकानदाराला वाटलं आपली सोय झाली. रंगाऱ्याचा हक्काचा वार त्यात गेला हे विधिमंडळात कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मग ठरलं की दुकानं चालू ठेवून रंग द्यायचा, पण धंद्याला मंदी असेल अशा दिवसांत. आता मंदी शोधायची होती. एरवी गल्ल्यावर बसलेला प्रत्येक जण "धंद्यात राम राहिला न्हाई" असंच म्हणत असतो. त्या दिवशी जिन्यात मात्र बाराही महिने तेजी निघाली.

जूनमध्ये नको, कृषी सेवावाले म्हणाले, बियाण्याचे दिवस. माझंही तेच, शाळा उघडतात, वह्या-पुस्तकं. आषाढी वारीला शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परळीवरून जाते, तेव्हा लॉज आणि चहावाला दोघंही मान वर काढत नाहीत. श्रावणाचं तर बोलायलाच नको. श्रावणातले सोमवार म्हणजे परळीला दिवाळीच, आणि सोमवार एक असला तरी त्याची गर्दी शनिवारी संध्याकाळपासून मंगळवारच्या दुपारपर्यंत पुरते. पुढं पोळा, गणपती. दसरा-दिवाळीला कापडवाले काका कोणाचंच ऐकत नाहीत. मग मोंढ्यात सोयाबीन, पाठोपाठ कापूस, आणि शेतकऱ्याच्या खिशात दोन पैसे आले की लग्नसराई. महाशिवरात्रीला जत्रा. मार्चला पतसंस्थेचा 'मार्च एंड', म्हणजे वसुलीचा महिना. त्याच वेळी शिकवणीवाल्या सरांच्या परीक्षा. "पोरं अभ्यास करताना खिडकीतून माणूस लोंबकळताना दिसला तर लक्ष लागंल का?" सरांनी विचारलं. सरांच्या वर्गात खिडकीबाहेर काहीही लोंबकळत नसतानाही लक्ष लागत नाही, हा भाग वेगळा.

एप्रिल-मे? मेडिकलवाल्या भाऊंनी हात वर केला. "उन्हाळ्यात उलट्या-जुलाबाचं पेशंट लई असतंय. आमचं तर कव्हाच बंद ठेवता येत न्हाई. औषधाचं काम हाय." या मुद्द्यापुढं कोणाचं चालत नाही. गावचा देवच वैद्यनाथ, देव-दैत्यांच्या भांडणात अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपवले अशी इथली कथा. अशा गावात औषधाच्या दुकानासमोर पायाड बांधायचं म्हणजे थेट देवाच्या खात्यात हात घालणं.

शेवटी सगळ्या पंचांगात एकच फट सापडली, ती पितरपाटाची. त्या पंधरवड्यात कोणी कापड घेत नाही, मोबाइल घेत नाही, दाढ काढून घ्यायचीही पुढं ढकलतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात चहावाला म्हणाला, "पर पितरपाटात चांगलं काम सुरू करतेत का?" रंग देणं हे चांगलं काम आहे की नुसतंच काम आहे, यावर पुढचा चहा संपला. निकाल असा लागला की पायाड पितरपाटाच्या आधल्या दिवशी बांधायचं, म्हणजे काम 'सुरू' आधीच झालेलं असेल. आपल्या समाजात धर्म आणि व्यवहार यांचं इतकं गोडीगुलाबीनं चालतं ते अशा जिन्यांमुळं.

यानंतर पेंटर मामू आले आणि आमच्या पंचांगाच्या चिंध्या झाल्या.

मामूंनी आल्या आल्या चहा नाकारला. हा माणूस काम करणार, अशी मला तिथंच शंका आली. ते इमारतीसमोर रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले आणि बराच वेळ भिंतीकडं न बघता सूर्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "दर्शनी बाजू मावळतीला हाय ना? मग हितं सकाळी सावली. दुपारनंतर मी हात लावत नसतो."

आम्ही वर्षाचा हिशोब मांडून बसलो होतो, मामूंचा हिशोब दिवसाचा होता. आणि तो बरोबर होता. बाहेरच्या भिंतीला आजकाल जो रंग लावतात त्यात पाणी असतं. तापलेल्या भिंतीवर तो मारला की पाणी आधी उडून जातं, रंगाला भिंत धरायला वेळच मिळत नाही, आणि वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि तो सावलीतला असतो. पश्चिमेची भिंत दुपारी काय तापत असेल हे तिला पाठ लावून उभं राहिलेल्यालाच विचारावं. म्हणून भिंतीवर ऊन यायच्या आत हात मारून मोकळं व्हायचं. पहिला हात आणि दुसरा हात यांत चार-पाच तास तरी जायला हवेत, म्हणजे एका भिंतीला एका दिवसात एकच हात. त्याआधी घासकाम, भेगा भरणं, प्राइमर, आणि भिंत आतून ओली असेल तर काहीच नाही, नुसतं थांबणं.

"आन् पाऊस?" मालकांनी विचारलं. कारण पितरपाट म्हणजे परतीच्या पावसाचे दिवस.

"पावसाचं आपण ठरवत न्हाई," मामू म्हणाले. "पाऊस आपलं ठरवतो. प्राइमर मारला की येतो."

हे शास्त्रात बसत नाही, पण दुष्काळात बोलावणी धाडूनही न येणारा आमच्याकडचा पाऊस प्राइमरला न चुकता येतो, हे बीड जिल्ह्यात कोणीही छातीठोकपणे सांगेल.

तर ठरलं असं, की मामू आणि त्यांची पोरं सकाळी सहाला येणार, दहाला दुकानं उघडेपर्यंत खालचं उरकणार आणि मग बाजूच्या सावलीतल्या भिंतीवर जाणार. कागदावर हे इतकं देखणं दिसत होतं की पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी त्याचा तक्ता करून मला झेरॉक्स काढायला दिला. पैसे दिले नाहीत.

तक्त्यात एकच गोष्ट राहून गेली होती. शटर.

आता शटरचा विचार शांतपणे करा. ते खाली असतं तेव्हाच रंगवता येतं. खाली असतं तेव्हा दुकान बंद असतं. दुकान उघडलं की शटर वर जातं, आणि वर जातं म्हणजे सतरंजीसारखं स्वतःभोवतीच गुंडाळलं जातं. शटरला लागतो ऑइल पेंट, आणि त्याला नीट वाळायला रात्र पुरत नाही. म्हणजे रात्री नऊला दुकान बंद झाल्यावर रंगवलेलं शटर सकाळी दहाला उचललं की पट्टीला पट्टी चिकटते. ते अर्ध्यात अडकतं, आणि मग कापड दुकानाचे मालक, दोन नोकर आणि एक गिऱ्हाईक त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत-बाहेर करत राहतात. मोबाइलवाल्या पोरानं यावर तोड काढली. त्यानं शटर पूर्ण वर नेलंच नाही, कमरेएवढंच उचललं. दिवसभर त्याच्याकडं जो आला तो नमस्कार करत आला. परळीत वाकून आत जायची सवय गाभाऱ्यामुळं सगळ्यांनाच आहे, म्हणून फार कोणाला खटकलं नाही.

मेडिकलवाल्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला, कारण त्यांचं शटर खाली येतं ते रात्री उशिरा आणि अडलेला माणूस मध्यरात्रीही वाजवतो. मामूंनी त्यांचं शटर दिवसाच रंगवलं. अर्धं खाली ओढून खालचा भाग एका दिवशी आणि वरचा दुसऱ्या दिवशी. तो जोड आजही दिसतो. तिथं एक आडवी रेघ आहे. भाऊ म्हणतात ती डिझाइन आहे.

रंगाच्या निवडीवर आपण अजून आलोच नाही. तो विषय मालकांचा, पण मत सगळ्यांचं. मालकांना हवा होता पांढरा. एकदम शुभ्र, लांबून उठून दिसेल असा. कापडवाल्या काकांना गुलाबी, कारण लग्नाचं गिऱ्हाईक. कृषी सेवावाल्यांना अर्थातच हिरवा. दाताचे डॉक्टर पांढऱ्याच्या बाजूनं होते, त्यात त्यांना जाहिरात दिसत असावी. मामूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बाजूच्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोट आमच्यापुढं धरलं. ते राखाडी झालं होतं.

"मालक, परळीत शेवटचा हात राख मारती. आपण फक्त सुरुवात करून द्यायची."

परळीबाहेरच्या वाचकाला इथं थोडं सांगायला हवं. १९७१ साली इथं औष्णिक वीज केंद्राचा पहिला तीस मेगावॅटचा संच सुरू झाला आणि तेव्हापासून 'थर्मल' हा शब्द परळीच्या मराठीत कायमचा राहायला आला. कोळसा रेल्वेनं येतो, वीज तारांनी जाते, राख इथं राहते. दाऊतपूर, दादाहरी वडगाव इकडं राखेचे तलाव आहेत. राखेवर वीटभट्ट्या चालतात, टिप्पर चालतात, माणसांची पोटं चालतात. केंद्र सरकारनं १९९९ साली अधिसूचनाच काढली की थर्मलपासून पन्नास किलोमीटरच्या आत वीट करणाऱ्यानं मातीत राख मिसळलीच पाहिजे. हेतू चांगला होता. पण त्यातून आमच्या गावात असा प्रकार घडला की इमारतीच्या भिंतीत आतून राख, भिंतीवर बाहेरून राख, आणि आम्ही मधल्या पातळ थराचा रंग कोणता असावा यावर भांडतोय. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी थर्मल बंद पडलं होतं. तेव्हा भिंती कमी मळल्या असतील, पण रंग द्यायला पाणी कुठं होतं?

मालक पांढऱ्यावरून हटायला तयार नव्हते. मामू त्यांना समजावत होते की राखाडी मारला तर तीन वर्षांनीही नवाच दिसेल, आणि पांढरा मारला तर दिवाळीपर्यंत राखाडी होईल, म्हणजे पैसे पांढऱ्याचे आणि रंग तोच. माझ्या मते त्या दिवशी इमारतीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य हेच होतं. पण स्वतःच्या इमारतीला राखाडी रंग द्यायचा म्हणजे आधीच हरल्यासारखं होतं, असं मालकांना वाटलं. त्यांचंही चूक नाही. तडजोड म्हणून रस्त्याकडची बाजू फिकट पिवळी आणि मागची, जिथं गिऱ्हाईक जात नाही ती, राखाडी ठरली. आता मागची बाजू पुढच्यापेक्षा नवी दिसते.

प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा लक्षात आलं की आपली भीती उगाच होती. पायाडामुळं गिऱ्हाईक पळून जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. उलट गर्दी वाढली. आपल्याकडं दोन माणसं बांबूवर चढून काहीतरी करताना दिसली की खाली वीस माणसं मान वर करून उभी राहतात. त्यात निवृत्त माणसं जास्त, आणि त्यांतही ज्यांनी स्वतःचं घर बांधलंय ती तर हटतच नाहीत. "पुट्टी एकच हात मारली का?" "भेगा आधी खरडून घ्या." "पाणी जास्ती घातलंय रंगात, दिसतंय की." मामू वरून "व्हय आबा" म्हणायचे आणि ब्रश चालू ठेवायचे. मग आबांना तहान लागायची आणि ते चहा घ्यायचे. चहावाल्यानं त्या दिवसांत जो धंदा केला तो त्यानं श्रावणातही केला नसेल. काम लवकर संपू नये म्हणून तो मामूंच्या पोरांना फुकट चहा पाजतो, असा आरोप कापडवाल्या काकांनी केला होता. पुरावा मिळाला नाही.

नुकसान झालं ते मोटारसायकलींचं. पायाडाखाली गाडी लावू नका म्हणून मी स्वतः पाटी लिहून चिकटवली, मोठ्या अक्षरांत, फुकट. लोक पाटी वाचण्यासाठी जवळ यायचे आणि वाचायला सोयीचं पडावं म्हणून गाडी तिथंच लावायचे. आमच्या गल्लीतल्या कितीतरी काळ्या गाड्यांच्या टाक्यांवर आज पिवळे ठिपके आहेत. एकानं भांडण काढलं. मामू म्हणाले, "धुऊन टाका, पाण्याचा रंग हाय." तो म्हणाला, वाळलाय. मामू म्हणाले, "मंग चांगला हाय."

पाट्या उतरवल्या तेव्हा आणखी एक गंमत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन छोट्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरीत लावणं सक्तीचं झालं. मराठी अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत आणि मराठी नाव आधी हवं. मुंबईचे दुकानदार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०२३ च्या सप्टेंबरात कोर्टानं त्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत देऊन परत पाठवलं. परळीत कोणाला कोर्टात जावं लागलं नाही. मोबाइलवाल्यानं तेवढी एक नवी पाटी केली, तीही जुन्या इंग्रजी पाटीच्या वर ठोकून. आता सगळ्या पाट्या निघाल्यावर भिंतीवर चौकोन उघडे पडले. एका चौकोनात निळा रंग, एकात चुन्याचा पांढरा, एकात खताच्या जुन्या जाहिरातीतलं अर्धं कणीस. इमारतीनं आजवर काय काय अंगावर घेतलं ते सगळं तिथं होतं. मालक त्या निळ्याकडं बघत म्हणाले, "हा रंग बरा होता." मामू काही बोलले नाहीत. त्यांनी त्यावर पुट्टी फिरवली.

सीसीटीव्हीचे कॅमेरे झाकायचं ठरलं होतं, पण पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी नकार दिला. झाकलेल्या कॅमेऱ्याखाली तिजोरी ठेवणं नियमात बसत नाही. म्हणून एका पोरानं कॅमेरा न झाकता भोवतीनं बारीक ब्रश फिरवला, आणि तो चित्रीकरणात शेवटपर्यंत कॅमेऱ्यात डोळे घालून ब्रश फिरवताना दिसतो. नंतरचं चित्र पिवळं आहे.

या सगळ्या गडबडीत वैजनाथाच्या देवळाची आठवण येत राहिली. अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला तो दगडात. भाविकांची रांग अडीचशे वर्षं चालू आहे, आणि त्या दगडाला प्राइमर लागला नाही. आम्हाला मात्र राखेच्या विटांवर पिवळा रंग टिकवायचा आहे आणि तोही चहा, चेक, कापड, बियाणं, दाढ आणि बारावी चालू असताना.

काम आता संपत आलंय. पायाड सोडायचं तेवढं राहिलंय. ते लवकर सोडावं लागेल, कारण परवाच एक शिष्टमंडळ येऊन गेलं. कोणाचा तरी वाढदिवस आहे आणि दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत फ्लेक्स लावायचा आहे. पायाड आयतंच बांधलेलं आहे तर दोऱ्या त्यालाच बांधू, असा त्यांचा विचार. मालकांनी घाबरत विचारलं, "रंग नवा हाय हो." शिष्टमंडळातल्या प्रमुखानं भिंतीवर हात थोपटला आणि कौतुकानं म्हणाला, "म्हणूनच हितं ठरवलं, शेठ. भिंत लई भारी झाली." हाताचा पंजा अजून तिथं उमटलेला आहे. फ्लेक्स लागला की झाकला जाईल.

तेव्हा परळीला आलात तर खुशाल या, आमची सगळी दुकानं उघडी आहेत. मोबाइलच्या दुकानात जरा वाकून शिरा, मेडिकलच्या शटरला टेकू नका, आणि गाडी लांब लावा. लांब लावली तर तिच्यावर नुसती राख बसेल, आणि ती झटकता येते.